हरवलेली सोळाशे वाक्यं

१

लॅपटॉप उघडला तेव्हा खोलीत चौघं जण होती, आणि त्यातल्या एकाला आता कधीच बोलता येणार नव्हतं.

तो एक म्हणजे हाफक्लच सर. आमच्या शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, मलासुद्धा. घाटात, चढावर, मागे ट्रक हॉर्न वाजवत असतानाही त्यांचा आवाज कधी चढला नाही. त्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रुग्णालयातल्या स्पीच थेरपिस्ट मुलीने त्यांना एक लॅपटॉप घरी दिला. त्यात सोळाशे वाक्यं वाचून ठेवायची. पुढे त्या वाक्यांवरून संगणक त्यांचा आवाज घडवणार होता. सरांनी टाइप करायचं आणि यंत्राने त्यांच्याच आवाजात बोलायचं. सरांनी तीन आठवडे रोज सकाळी बसून सगळी वाक्यं वाचून काढली आणि मगच ते ऑपरेशनला गेले.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी सर, त्यांची बायको आणि लेक लॅपटॉप घेऊन थेरपिस्टच्या खोलीत आली.

"काकू दारातच रडायला लागल्या," थेरपिस्टने मला नंतर सांगितलं. "म्हणाल्या, आज नको, दोन दिवसांनी उघडू. मला वाटलं, सरांचा आवाज ऐकायचा धीर होत नसेल. पुष्कळांचं तसं होतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि उघडला."

पडदा लालभडक होता. तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा, असं त्यावर लिहिलेलं. पैसे पाठवायचा पत्तासुद्धा एव्हाना बंद पडला होता. सोळाशे फाइली जागच्या जागी होत्या, पण एकही उघडेना. नक्कल म्हणून ठेवलेली डिस्क लॅपटॉपलाच जोडलेली असायची, तिचीही तीच गत.

सरांनी पडद्यावरचं सगळं वाचलं. मग त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, "पुन्हा वाचून देतो."

लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते बोटाने पुसून टाकलं.

२

पोलिसांच्या संगणक शाखेत मी एकवीस वर्षं काढली. तिथे माझं नाव शंकासूर पडलं होतं. निवृत्त झाल्यावर स्वभाव थोडाच निवृत्त होतो. थेरपिस्टचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते, ते तसंच टाकून रुग्णालयात तिच्या खोलीत गेले.

"तक्रार नोंदवली आहे," ती म्हणाली. "पण अशा तक्रारींचा त्यांच्याकडे ढीग पडलाय. बाई, मला चोर पकडून नकोय. हे आत शिरलं कसं एवढं कळू दे. त्या घरात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीये."

मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. असले प्रोग्रॅम आपल्या पायांनी घरात येत नाहीत. कुणीतरी दार उघडावं लागतं. दार कधी उघडलं ते शोधायला मला अर्धा तास लागला.

"बुधवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं," मी म्हटलं. "आवाज साफ करणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या नावाखाली काहीतरी उतरवून घेतलंय. साडेचारपर्यंत सगळ्या फाइलींना कुलूप."

"कुठला बुधवार?"

मी तारीख दाखवली. तिचा चेहरा उतरला.

"ऑपरेशन शुक्रवारी होतं," ती हळूच म्हणाली. "तेव्हा तर सर बोलत होते."

"हो. आणि साडेचारला पडदा लाल झाला, तो कुणीतरी पाहिला. झाकण लावलं आणि बारा दिवस गप्प बसलं."

ती खुर्चीत मागे रेलली. मग स्वतःहूनच बोलायला लागली. दर आठवड्याला घरी जाऊन एक नक्कल रुग्णालयात आणून ठेवायची असा नियम होता, पण पेशंटची गर्दी आणि एकटा जीव, म्हणून तिने ते शेवटावर ढकललं होतं. मंगळवारी सर तपासणीला आले तेव्हा तिने लॅपटॉपवर काही वाक्यं ऐकली. आवाज छान आला होता, फक्त मागे सतत एक बारीक खटखट होती.

"ती आम्हाला इथे काढता येते. काळजी करू नका म्हणून मी बुधवारी पावणेचारला त्यांच्या घरी फोन करून सांगितलंसुद्धा."

फोन कुणी उचलला, हे मी तिला विचारलं नाही. शंकासूर म्हणवून घेणाऱ्या बाईची ही चूक.

३

सरांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर अजून मायक्रोफोनचा स्टँड. मागची खोली मध्ये प्लायवूडची फळी मारून काढलेली. फळीपलीकडे सरांच्या बायकोचं, वहिनींचं, शिलाई मशीन होतं, चादरीने झाकलेलं. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा चादरीचं टोक उचलून पाहिलं. सुईखाली जाड निळा पडदा अर्धाच शिवलेला, तसाच अडकून होता.

"हल्ली शिवण बंद आहे," वहिनी माझ्या मागे येऊन म्हणाल्या. "डोळे दुखतात."

"बुधवारी दुपारी घरात कोण होतं, वहिनी?"

"मी होते. पण मला त्यातलं काय कळतंय, ताई? मला बटण म्हणजे शर्टाचंच ठाऊक."

त्या हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

लेक औषधांच्या दुकानात काम करते. बुधवारी ती दुपारपासून दुकानात होती, तिच्या मालकाने तसं सांगितलं. जावई मात्र माझ्या नजरेला नजर देईना.

"मी त्या दिवशी इकडे फिरकलोच नाही," तो म्हणाला.

"तीन वाजून पाच मिनिटांपासून तीन चाळीसपर्यंत या लॅपटॉपवर कुणीतरी फुकट मॅच बघत होतं. सरांना मॅचचा नाद आहे?"

त्याने मान खाली घातली. कामावर जाता जाता तो आला होता, सासूबाईंनी चहा दिला, तेवढ्यात त्याने मॅच लावली होती. लॅपटॉपला हात लावायचा नाही असं सरांनी बजावलेलं होतं, म्हणून बोलला नाही. पावणेचारच्या आत निघालो, बाकी काही केलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. "घरी आपल्या कॉम्प्युटरचं वाटोळं केलंस ते पुरलं नाही?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "बाबांनी मला लहानपणापासून हाका मारल्या त्या आवाजात. तुझ्या एका मॅचपायी गेला तो."

जावयाने वर पाहिलं. "असेल गं," तो म्हणाला. "माझ्याच हातून झालं असेल. कुठल्यातरी खिडकीवर बोट पडलं असेल माझं."

टेबलावर थाप पडली. सर खुर्चीतून उठले होते. त्यांच्या गळ्याभोवती पांढरी पट्टी होती. त्यांनी पाटी आमच्या दिशेने धरली.

"मी केलं. चौकशी बंद करा."

४

लेक बापाजवळ गेली आणि त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिली. वहिनी फळीच्या कडेला टेकल्या होत्या.

"सर, किती वाजता केलंत?" मी विचारलं.

त्यांनी लिहिलं, "चारला. आवाज साफ करत होतो."

वेळ आणि कारण दोन्ही बरोबर होतं, पण ते मीच थोड्या वेळापूर्वी लेकीशी बोलताना सांगून बसले होते. मी निरोप घेतला आणि तडक ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. तिथे प्रत्येक शिकवणीची वही असते, शिकवणाऱ्याची सही आणि शिकणाऱ्याची सही. त्या बुधवारी साडेतीन ते साडेचार सरांची शिकवणी होती. शेवटची. शिकणारी एक नर्स, तिला मी फोन लावला.

"ते सबंध तास बोलत होते," ती म्हणाली. "एरवी मोजकंच बोलायचे. त्या दिवशी रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा वाचून दाखवत होते. मला वाटलं, मला धीर यावा म्हणून. नंतर कळलं ऑपरेशनचं."

म्हणजे सर खोटं लिहीत होते. खोटं लिहिणारा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

घरी येऊन मी लॅपटॉपमधून उतरवून घेतलेली शोधांची यादी पुन्हा काढली. कुणी काय काय शोधलं, सगळं त्यात ओळीने असतं. जावयाचं इंग्रजी अक्षरांत, तीन शब्दांत: फ्री लाइव्ह मॅच. लेकीने एकदा बसचं वेळापत्रक शोधलं होतं, घाईघाईत, दोन चुका करून. सर मायक्रोफोनचं चिन्ह दाबून यंत्राशी बोलायचे: हवामान सांग, बातम्या दाखव. आणि बुधवारी चारला, तेही बोलूनच विचारलेलं, एक वाक्य होतं:

आवाजातली खटखट काढायचं काहीतरी द्या.

मी तेच वाक्य माझ्या संगणकावर टाकून पाहिलं. उत्तरांच्या सगळ्यात वर एक नाव आलं. आवाज साफ करणारा एक चांगला, फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्याचंच नाव. शेजारी फिकट बारीक अक्षरांत 'जाहिरात'. पत्त्यात फक्त एका अक्षराचा फरक. शोधाच्या पानावर सगळ्यात वरची जागा कुणीतरी विकत घेतली होती आणि तिथे दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून स्वतःचं दुकान थाटलं होतं. आत गेलं की पानभर एक हिरवं बटण. खरा प्रोग्रॅम या जाहिरातीच्या खाली होता. तिथवर जायला आधी संशय यावा लागतो.

मी थेरपिस्टला फोन केला. "बुधवारी तू खटखटीचा निरोप दिलास, तो कुणाला?"

"काकूंनी घेतला होता फोन," ती म्हणाली. "का हो?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सर लेकीबरोबर जखमेची पट्टी बदलायला गेले होते. वहिनींनी मला दारातून आत घेतलं. त्या आत गेल्या, मशीनवरची चादर काढली, नीट घडी घातली आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"कशावरून कळलं?" त्यांनी विचारलं.

"'द्या' म्हणालात, त्यावरून," मी म्हटलं. "यंत्राला अहोजाहो करणारं या घरात दुसरं कोण आहे?"

त्यांनी मान डोलावली. मग अडथळा न येता, एका सुरात बोलत गेल्या, जणू इतके दिवस तेच मनात घोळवत होत्या.

"शाळेच्या हॉलचे अठरा पडदे शिवायला आले होते. सकाळी हे इकडे वाचायला बसायचे, मी तिकडे मशीनवर. फळीतून एवढं काय जाणार, असं वाटायचं मला. हेही कधी बोलले नाहीत. बुधवारी त्या मुलीचा फोन आला, मागे सारखी खटखट आहे म्हणाली. पुढे काय बोलली ते माझ्या कानात शिरलंच नाही. मी म्हटलं, संपलं. यांचा आवाज जन्मभर आता माझ्या मशीनसकट ऐकायचा. हे यायच्या आत काढून टाकू या, म्हणून बसले. हे बोलून विचारायचे ते बघितलं होतं. तसंच विचारलं."

"आणि पहिलंच नाव दाबलंत."

"वर असतं ते चांगलं असेल ना, ताई? दुकानदारसुद्धा चांगला माल वर मांडतो."

मी शोधांची यादी घडी करून पर्समध्ये टाकली.

"मग लाल झालं," त्या म्हणाल्या. "मला वाचता येतं. काय झालं ते कळलं मला. यांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. यांनी आधीच एकदा ऑपरेशन पुढे ढकललं होतं, वाक्यं पुरी व्हायची म्हणून. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आता आणखी एक आठवडा गेला तर मी हात लावणार नाही. आणि यांचं एकच, सगळी वाक्यं झाल्याशिवाय मी त्या टेबलावर चढायचा नाही. मी सांगितलं असतं तर हे गुरुवारी सकाळी पुन्हा पहिल्या वाक्यापासून बसले असते. तीन आठवडे. ओळखता ना तुम्ही यांना?"

ओळखत होते. बसलेच असते.

"आवाज ठेवू की माणूस ठेवू, असं होतं ते. मी माणूस ठेवला. पण त्यांचा आवाज, ताई. त्यांना विचारलं नाही मी. शुक्रवारी सकाळी आत नेताना हे म्हणाले, येतो. तेवढंच म्हणाले. मी म्हणाले, या." त्यांनी चादरीची घडी पुन्हा नीट केली. "मला तेव्हा त्यांना आणखी बोलायला लावायला हवं होतं. मला एकटीला माहीत होतं की ते शेवटचं आहे."

दार वाजलं. सर आणि लेक आत आली होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. लेकीने तोंडावर हात धरला होता. सरांनी तिला हाताने बाजूला केलं, मशीनशी आले आणि पाटीवर लिहायला लागले. खडूचा आवाज तेवढा येत होता.

"लॅपटॉप उघडायच्या आधी रडत होतीस. तेव्हाच समजलं."

वहिनींनी ते वाचलं. "मग मला विचारलं का नाही?"

त्यांनी खाली लिहिलं, "विचारलं तर तुला सांगावं लागलं असतं."

६

तपास म्हणावा तर एवढाच. बाकीचं हाती लागलं नाही. ती जाहिरात देणाऱ्याच्या नावावर दूरच्या एका देशातलं फुलांचं दुकान निघालं. मालकीणबाईंना मी पत्र पाठवलं, तर त्यांनाच धक्का बसला. त्यांचं खातं कुणीतरी चोरून वापरलं होतं. शोध चालवणाऱ्या कंपनीला मी तीनदा लिहिलं. जाहिरात निघाली. पाचव्या दिवशी तेच वाक्य टाकलं तेव्हा त्याच जागी, तेच हिरवं बटण, वर वेगळं नाव. जुन्या सहकाऱ्यांनी कुलूप फोडून पाहिलं, आठ दिवस झटले. फुटलं नाही.

लेकीने नवऱ्याची माफी मागितली. तो म्हणाला, सोड. पण त्या घरात चहाला बसल्यावर तो अजून मधेच उठून बाहेर जातो.

थेरपिस्टने सरांना यंत्रातले तयार आवाज ऐकवले. चार पुरुषी आवाज होते. एक बातम्या देणाऱ्यासारखा, एक फारच तरुण. सरांनी चारही ऐकले आणि मान हलवली. मग पाटीवर लिहिलं, "हिचा चालेल का?"

"कुणाचा?" थेरपिस्टने विचारलं.

सरांनी बायकोकडे बोट दाखवलं.

वहिनी नको नको म्हणाल्या. लोक हसतील, म्हणाल्या. माझं तोंड कशाला आता त्यांच्या बोलण्यात. सर पाटी पुढे धरून बसून राहिले. चढावर शिकाऊ माणूस ब्रेकवरचा पाय काढेना की असेच बसून राहायचे ते.

आता रोज सकाळी दोघं रुग्णालयात जातात. एक दिवस मीही गेले होते. वहिनी काचेच्या खोलीत मायक्रोफोनपुढे, हातात वाक्यांचा कागद. सर काचेच्या या बाजूला, थेरपिस्टशेजारी.

"मी आत्ताच जेवले," वहिनींनी वाचलं.

सरांनी काचेवर टिचकी मारली. थेरपिस्ट म्हणाली, "काकू, 'जेवलो'. बोलणार सर आहेत."

"मी आत्ताच जेवलो. मी बाहेर चाललो. मी थकले..." पुन्हा टिचकी. "थकलो."

थोडं वाचलं की त्या पाणी पीत होत्या. शेवटची चाळीस वाक्यं पेशंटने स्वतःची घालायची असतात, रोज लागतील अशी. सरांनी ती ऑपरेशनच्या आधी, स्वतः वाचायला बसले तेव्हा पहिल्याच आठवड्यात लिहून दिली होती. वहिनींनी ती कधी पाहिली नव्हती. थेरपिस्टने तो कागद आत दिला आणि म्हणाली, "आज यातली दोन-तीन घेऊ, मग सुट्टी."

वहिनींनी चष्मा पुसला.

"लाइट बंद कर," त्यांनी वाचलं. "पोरीला फोन लाव."

तिसऱ्या वाक्याशी त्या थबकल्या. सर काचेला हात लावून उभे राहिले. टिचकी मारायची वेळ आली नाही. वहिनींनी ते वाक्य एकदाच वाचलं, सावकाश, कुठेही न चुकता:

"मी तुझ्यावर रागावलो नाही, नुसता दमलोय."